फोर्ली, कसिनो, मोंतोने : इटलीत आपल्या माणसांची नावं शोधताना

मेच्या शेवटी बहिणीबरोबर इटलीला जाऊन आले. रोम-फ्लॉरेन्सचे फोटो सगळेच टाकतात, ते सोडा, हे लिहितेय ते सातारा, सांगली, कोल्हापूर, रायगडकडच्या लोकांसाठी, ज्यांच्या घरातलं कुणीतरी दुसऱ्या महायुद्धात "लढाईवर गेलं ते आलंच नाही". आमच्याकडे आजोबांचे थोरले भाऊ, सगळे त्यांना दादाआबा म्हणायचे, मराठा पलटणीत होते. एप्रिल १९४५ मधे इटलीत मारले गेले. घरात एक इटली स्टार मेडल आणि पेन्शनचा एक जुना कागद, बास.

पहिली गोष्ट, निघायच्या आधी घरी बसून नाव शोधा. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या साइटवर फुकटात सर्च करता येतं. पण नाव टाकलं की लगेच सापडेल असं समजू नका, कारण स्पेलिंग साहेबाच्या कानाला जसं ऐकू आलं तसं आहे. जाधव तीन-चार प्रकारे लिहून बघा, आडनाव जमलं नाही तर नुसतं पहिलं नाव टाका, तेही नाही तर देश इटली, सैन्य इंडियन आर्मी आणि रेजिमेंट फिफ्थ मराठा लाइट इन्फन्ट्री असं फिल्टर लावून यादी खाली खाली वाचत जा. मराठाचं स्पेलिंग तेव्हा Mahratta असं असायचं हे लक्षात ठेवा. पेन्शनच्या कागदावर किंवा मेडलवर नंबर असेल तर अर्धं काम झालं. आमचं असंच झालं, नावाखाली वडिलांचं नाव आणि गाव दिसलं तेव्हा खात्री पटली.

दुसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. आपल्या बहुतेक माणसांची तिथे कबर नाहीच! हिंदू आणि शीख जवानांचं दहन झालं, त्यामुळे त्यांची नावं क्रिमेशन मेमोरियलवर कोरलेली असतात. लोक रांगेतले दगड वाचत उन्हात फिरत बसतात. रेकॉर्डमधे पॅनल किंवा कॉलम नंबर दिलेला असतो, तो कागदावर लिहून न्या.

दादाआबांचं नाव फोर्लीला आहे. बोलोन्याहून रिमिनीकडे जाणारी रिजनल ट्रेन पकडायची, स्वस्त आणि सोपी. कागदी तिकीट असेल तर चढायच्या आधी फलाटावरच्या मशिनमधे पंच करा, नाहीतर दंड. फोर्लीत दोन युद्ध स्मशानभूमी आहेत, टॅक्सीवाल्याला नुसतं "वॉर सिमेट्री" सांगितलंत तर तो दुसऱ्याच टोकाला, वेक्कियाझानोकडे नेईल. आपल्याला हवी ती इंडियन आर्मी वॉर सिमेट्री, राव्हेनाला जाणाऱ्या व्हिया राव्हेन्यानावर. टॅक्सी हात दाखवून थांबत नाही, स्टेशनबाहेरच्या स्टँडवरूनच घ्या आणि परतायचं तिथेच ठरवून टाका.

आत ४९६ कबरी आहेत आणि मेमोरियलवर जवळजवळ ८०० नावं. आम्ही होतो तेवढ्या वेळात दुसरं कुणी फिरकलं नाही. बहिणीने बोट लावत लावत नाव शोधलं, आणि गावाकडे आत्याला व्हिडिओ कॉल लावला. आत्या नव्वदीला टेकलीय, तिला ऐकू कमी येतं, ती म्हणाली "जवळ धर गं", मग नाव बघून पहिला प्रश्न काय विचारावा, "तिथं कोण झाडतं?" म्हटलं माळी आहे आत्या, गवत बघ किती नीट कापलंय. तेव्हा तिचं समाधान झालं. भिंतीतल्या छोट्या कपाटात व्हिजिटर रजिस्टर असतं, त्यात मराठीत लिहून या.

बरोबर काय न्यायचं यावरून आमच्याकडे बरीच चर्चा झाली. कंदी पेढे नेता येत नाहीत, भारतातून दुधाचे पदार्थ युरोपात न्यायला बंदी आहे. गावची माती न्यायची इच्छा सगळ्यांनाच होते, तीही चालत नाही. आम्ही शेंगदाण्याची चिक्की नेली आणि फुलं तिथेच घेतली.

कसिनो हे गाव रोमहून ट्रेनने साधारण दोन तासांवर, दिवसात होतं. ज्यांची कबर कुठे आहे हेच माहीत नाही अशा चार हजारांवर कॉमनवेल्थ जवानांची नावं तिथल्या युद्ध स्मारकाच्या हिरव्या संगमरवरावर आहेत, वर डोंगरावर मोंते कसिनोचा मठ दिसत राहतो. तिथे नाईक यशवंत घाडगे शोधा. माणगावच्या पळसगावचे, वय २२. १० जुलै १९४४ ला तुकडीतले बाकी सगळे पडल्यावर हे एकटे मशीनगनवर धावून गेले, ग्रेनेड टाकला, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना बंदुकीच्या दस्त्याने मारलं, आणि मग स्नायपरच्या गोळ्या लागल्या. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं शौर्याचं सर्वोच्च पदक.

ती लढाई ज्या भागात झाली तिथे मोंतोने गावात २०२३ पासून त्यांच्या नावाचं सूर्यघड्याळाचं स्मारक आहे. गाव टेकडीवर, आम्ही पेरुजाहून गाडी केली. स्वतः चालवणार असाल तर इंटरनॅशनल परमिट इथूनच काढून न्या, आणि जुन्या शहरांत झेडटीएलची (बाहेरच्या गाड्यांना मनाई असलेल्या भागाची) पाटी दिसली की आत घुसू नका, दंडाचं पत्र थेट घरी येतं.

वेळ कमी असेल आणि एकच निवडायचं असेल तर मोंतोने राहू द्या, फोर्लीला जा असं माझं मत. घाडगेंचं नाव निदान आठवलं तरी जातं, माणगावात पुतळा आहे. त्या इटलीच्या मोहिमेत ५,७८२ भारतीय मारले गेले, त्यातल्या बहुतेकांकडे घरचं माणूस कधी पोचलेलं नाही. आणि फोर्लीहून सेनिओ नदी फार लांब नाही. ९ एप्रिल १९४५ ला शिपाई नामदेव जाधव (नगर जिल्ह्यातले निमज) दोन जखमींना पाण्यातून, सुरुंगांतून उचलून घेऊन आले, परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या, आणि बांधावर चढून गर्जना देत बाकीच्यांना बोलावलं. ते जिवंत परतले. आज ती नदी आपल्याकडच्या ओढ्याएवढी वाटते, पण दोन्हीकडचे बांध बघा, चढायला आताही दम लागतो.

ऑगस्टच्या मध्याला जाऊ नका. १५ ऑगस्टला त्यांची फेरागोस्तोची सुट्टी, दुकानं बंद, बसेस कमी आणि ऊन मरणाचं. व्हेज खाणाऱ्यांची छोट्या गावात पंचाईत होते, पण त्या भागात पियादिना नावाची पोळीसारखी भाकरी सगळीकडे मिळते, तिच्या पिठात बऱ्याचदा डुकराची चरबी असते म्हणून ऑलिव्ह तेलातली आहे का ते विचारा, आणि चीज आणि पालेभाजी घालून मागा. कुणाला नाव शोधताना अडलं तर नंबर किंवा गाव कळवा, बघून सांगेन.