करून घेतलेल्या गोष्टी

(दहावी ‘ब’, मार्च १९८८ च्या तुकडीच्या वतीनं)

स्मरणिकेतल्या मनोगतांचा एक ठरलेला साचा असतो. गुरुजनांचे ऋण, डब्यातली चटणी, छडीचा मार आणि शेवटी ‘ते दिवस पुन्हा येणे नाही’. शाळेच्या अमृतमहोत्सवी अंकात असं लिहिणारे बरेच असतील, म्हणून आमच्या तुकडीनं तो भाग त्यांच्यावर सोडला आहे. आमचं एका बाबतीत एकमत आहे. वर्गात शिकवलेलं बरंचसं विसरलं, पण शाळेनं आमच्याकडून जे करून घेतलं ते अजून हातात आहे. तेच इथं लिहितो आहोत, आणि शक्यतो अशा बेतानं की आज आठवी-नववीत असलेल्या पोरांना मनात आलं तर करून बघता यावं.

हस्तलिखित अंक दरवर्षी निघायचा. कथा-कविता कोणीही लिहितं, खरी गोची सुवाच्य प्रत काढताना व्हायची. शीर्षकं बोरूनं, म्हणजे बरूच्या लेखणीनं. बोरूचं टोक मराठीसाठी इंग्रजीच्या उलट दिशेला तिरकं कापावं लागतं. बाजारातला इंग्रजी कट निब आणून मराठी लिहायला बसलं की जाड रेघ जिथं हवी तिथं बारीक येते आणि अक्षर परकं दिसतं. कापल्यावर टोकाला मधोमध चीर द्यायची, नाहीतर शाई उतरत नाही. चीर जास्त लांब गेली तर थेंब पडतो. पानावर पेन्सिलीनं दोन रेघा मारायच्या, पण दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या उंचीपेक्षा चांगलं मोकळं ठेवायचं, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत अडकतात. पहिल्या वर्षी सगळे हेच करतात. शिरोरेषा शब्द पूर्ण झाल्यावर, एका दमात.

चूक झाली तर ब्लेडनं हलकं खरवडायचं. मात्र खरवडलेल्या जागी कागदाचे तंतू उघडे पडतात आणि नवी शाई फुटते. त्यासाठी ती जागा नखानं किंवा चमच्याच्या पाठीनं घासून गुळगुळीत करायची आणि मगच लिहायचं. बांधणीच्या बाजूला दीड इंच समास सोडायचा, शिवण तेवढा खाते. पुठ्ठ्यासाठी खळ मैद्याची. एक वाटी मैदा आधी थंड पाण्यात गुठळ्या मोडेपर्यंत कालवायचा, मग एकूण चार-पाच वाट्या पाणी होईल असा मंद आचेवर शिजवायचा आणि चिमूटभर मोरचूद (कॉपर सल्फेट) घालायचा. मोरचुदाशिवाय केलेले अंक कसर ही कीड खाते. मोरचूद विषारी आहे, त्यामुळे ते काम शिपाईकाकांच्या हातूनच व्हायचं आणि ते पातेलं दुसऱ्या कशाला वापरत नसत.

घटक चाचणीचे पेपर सायक्लोस्टाइलवर निघत. ज्यांनी ते यंत्र पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी: मेणाचा लेप दिलेला स्टेन्सिल कागद टाइपरायटरला लावायचा, रिबन बाजूला सारायची आणि अक्षरं कोरी ठोकायची. ठोक्यानं लेप निघतो आणि तिथून शाई पाझरते. ठोका जोरात पडला तर ‘०’ चा मधला भाग गळून पडतो आणि कागदावर काळा ठिपका येतो. त्यामुळे गणिताच्या पेपरात शून्य आहे की नुसता डाग, हा प्रश्न दर चाचणीला कोणीतरी विचारायचंच. आकृत्या लोखंडी लेखणीनं हातानं कोरत. जुलै-ऑगस्टमध्ये कागद दमट झाला की यंत्र दोन-दोन पानं ओढायचं. एक कोरं निघायचं आणि गठ्ठा मोजताना हिशेब चुकायचा. यावर उपाय एकच होता. कागदाची रिम आदल्या दिवशी कार्यालयातल्या विजेच्या दिव्याजवळ ठेवायची आणि लावण्याआधी पत्त्यांसारखी फुलवायची.

आता पांडवलेणी, म्हणजे डोंगरात कोरलेली बौद्ध लेणी. नाशिकच्या प्रत्येक शाळेची एक तरी सहल तिथं जातेच आणि बहुतेक सहली पायऱ्या चढून, डबे खाऊन परत येतात. आमच्या इतिहासाच्या बाईंची पद्धत वेगळी होती. लेणी २४ आहेत, त्यातली फक्त तीन बघायची: ३, १० आणि १८. अठरावं चैत्यगृह, म्हणजे स्तूप असलेलं. बाकीची बहुतेक भिक्षूंच्या राहण्याची, म्हणजे विहार. हा फरक पायांनी चालून कळला की पुस्तकातली व्याख्या पाठ करावी लागत नाही. जायच्या आधी आठवडाभर तिथल्या लेखांच्या ब्राह्मी लिपीतली अक्षरं गिरवून घ्यायच्या. सगळी नाहीत, मोजकीच. क म्हणजे अधिकचं चिन्ह, ग म्हणजे उलटा व्ही, ठ म्हणजे वर्तुळ, र म्हणजे उभी रेघ. एवढ्या भांडवलावर भिंतीवरचं एखादं अक्षर सापडलं तरी पोरं हरखतात.

भिंतीवरचा कोरीव लेख वाचायला बॅटरी समोरून मारली तर काही दिसत नाही. ती भिंतीला जवळजवळ चिकटवून बाजूनं धरायची. तिरप्या उजेडात कोरलेल्या खाचांत सावली पडते आणि अक्षर उठून येतं. खडूनं अक्षरं भरायला बाईंची सक्त मनाई होती. लेणी संरक्षित स्मारक आहेत, आणि खडू खाचेत बसला की पुसताना दगडाचीही झीज होते.

तिसऱ्या लेण्यात गौतमी बलश्रीचा लेख आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची ही आई. लेख तिच्या नातवाच्या, पुळुमावीच्या, राज्याच्या १९ व्या वर्षातला. मुलगा गेल्यावर आजीनं त्याचा पराक्रम कोरून ठेवला, हे कळल्यावर सातवाहनांची वंशावळ पाठ करण्याचं ओझं निम्मं उतरतं.

दहाव्या लेण्यातला लेख मात्र गणिताच्या सरांनी पळवला होता. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात यानं लेण्यातल्या भिक्षूंसाठी ३००० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी, कायमची ठेव म्हणून ठेवले. ठेव कुठं, तर गोवर्धनमधल्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे, म्हणजे व्यवसाय-संघांकडे. गोवर्धन म्हणजे आपल्या गंगापूरशेजारचं गाव. एका श्रेणीकडे २००० कार्षापण, व्याज दरमहा शेकडा एक. दुसरीकडे १०००, व्याज दरमहा शेकडा पाऊण. मुद्दल परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पहिल्या ठेवीच्या व्याजातून वर्षावासाला, म्हणजे पावसाळ्याच्या मुक्कामाला, राहणाऱ्या २० भिक्षूंना प्रत्येकी १२ कार्षापण चिवरासाठी, म्हणजे अंगावरच्या वस्त्रासाठी.

सर हे उदाहरण फळ्यावर घालत आणि ताळा करायला सांगत. २००० वर शेकडा एक म्हणजे महिन्याला २०, वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा-बारा, २४०. दगडावरचा हिशेब चोख जुळतो. निम्मा वर्ग ‘दरमहा’ हा शब्द गाळायचा, व्याज २० काढायचा आणि मग प्रत्येक भिक्षूला एकच कार्षापण मिळायचा. ‘एका कार्षापणात चिवर येईल का रे?’ एवढंच सर विचारत. दुसऱ्या ठेवीचं वार्षिक व्याज ९० येतं, ते स्वतः करून बघा. सरळव्याज शिकवण्यासाठी जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीचं, रिक्षानं जाता येईल इतक्या जवळचं उदाहरण दुसऱ्या कुठल्या गावाला मिळालं असेल असं वाटत नाही. हल्ली सहली वॉटर पार्कला जातात. त्याला आमची हरकत नाही, पण ही क्षेत्रभेट बंद करू नका.

पावसाळ्याचं वेळापत्रक गोदावरी ठरवायची. गंगापूर धरणातून पाणी सोडलं की पंचवटीतली मुलं नदीवरचा रामसेतू पूल सोडून होळकर पुलावरून वळसा घालून येत आणि हजेरी अर्धा तास उशिरा होई. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कमरेला पाणी लागलं, छातीला लागलं, ही बातमी रेडिओच्या आधी वर्गात पोचलेली असायची. बाई ती फळ्याच्या कोपऱ्यात तारीख-वेळेसह लिहायच्या. पुराची मोजमापं भूगोलाच्या वहीत उतरायची ती अशी.

सप्टेंबरच्या सुमाराला एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटची तयारी. चित्रकलेच्या या सरकारी परीक्षा आजही आहेत, आणि आता इंटरमिजिएटच्या श्रेणीला दहावीत वाढीव गुणही मिळतात: अ ला ७, ब ला ५, क ला ३. त्यामुळे गर्दी वाढली, हात मात्र तेवढे बसलेले दिसत नाहीत. संकल्पचित्रात, म्हणजे डिझाइनच्या पेपरात, गुण जातात ते कल्पना नसल्यानं क्वचितच, बहुतेक वेळा रंगानं. पोस्टर कलर दह्यासारखा हवा. पातळ झाला तर ब्रशचे फराटे दिसतात, घट्ट लावला तर वाळल्यावर तडकतो. एक छटा जेवढ्या जागी लावायची तेवढी एकदमच कालवायची आणि थोडी जास्तच, कारण संपल्यावर तीच छटा पुन्हा जमत नाही. शेजारचा भाग आधीचा पूर्ण वाळल्यावर भरायचा. पावसाळी हवेत तो लवकर वाळत नाही, म्हणून चित्रकलेचे सर एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्याकडे सरकू देत नसत. आधी चित्रभर विखुरलेले सगळे निळे, मग सगळे पिवळे. तोवर निळा सुकलेला. भूमितीच्या पेपरात रचनेच्या रेघा कठीण पेन्सिलीनं फिकट, उत्तराची आकृती गडद. रचनेच्या रेघा खोडणारा विद्यार्थी स्वतःचे गुण खोडतो.

दहावीच्या वर्षाबद्दल सगळे अभ्यासाचं बोलतात. शाळेनं आमच्याकडून घोटून घेतला तो पेपर लिहिण्याचा कारभार. प्रमेयाला पक्ष, साध्य, सिद्धता या तीन ओळी वेगळ्या. आकृतीतली अक्षरं आणि सिद्धतेतली अक्षरं एकच आहेत ना, हे लिहून झाल्यावर बोट ठेवून बघायचं. आलेखाच्या कागदावर उजव्या कोपऱ्यात आधी प्रमाण, मग अक्ष. भूगोलाचा नकाशा भरला की पहिलं काम त्यावर बैठक क्रमांक घालायचं, कारण तो सुटा कागद असतो. पुरवणी मागितली की लगेच तिच्यावर क्रमांक टाकायचा. शेवटी घंटा झाल्यावर चार पुरवण्या, नकाशा आणि दोरा हातात घेऊन गोंधळलेली मुलं दर केंद्रावर दिसतात. दोरा घट्ट आवळला तर भोकापाशी कागद फाटतो. सैल गाठ मारायची, पानं उघडतील एवढी ढील ठेवून. सराव परीक्षेत सर पुरवण्या उलट्या क्रमानं बांधलेल्यांचे पेपर न तपासता परत करत. तेव्हा राग आला होता.

राहिला खो-खो. आमचं मैदान काळ्या मातीचं, एप्रिलमध्ये भेगाळणारं आणि जूनमध्ये चपलेला चिकटणारं. अशा जमिनीवर नुसत्या फक्कीच्या पांढऱ्या रेघा मारून खेळ होत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी वरची ढेकळं फोडायची, मुरूम चाळून त्यातले खडे काढायचे, चार-सहा इंचाचा थर पसरायचा आणि संध्याकाळी पाणी मारायचं. रोलर दुसऱ्या दिवशी सकाळी, ओल आत उतरल्यावर. ओल्या मुरमावर फिरवला तर मुरूम रोलरला चिकटून सोलून निघतो, कोरड्यावर फिरवला तर नुसती धूळ उडते. मूठ वळून लाडू झाला आणि हाताला काही लागलं नाही, तर रोलर आणायचा. खांब जमिनीवर १२० सेंटिमीटर आणि जमिनीत त्याच्या निम्मा तरी हवा, कारण धावणारा पूर्ण वजनानिशी त्याला वळसा घालतो. वरची कड रंध्यानं गोल केलेली. मधली पाटी, म्हणजे बसणाऱ्यांची पट्टी, ३० सेंटिमीटर रुंद, आणि आठ बसणारे एकाआड एक विरुद्ध दिशांना तोंड करून. नव्या पोरांचा फाऊल ठरलेला: ‘खो’ कानावर पडायच्या आधीच ढुंगण उचलणं. त्यावर सरांचा सराव असा, की डोळे मिटून बसायचं आणि पाठीवर हात पडून आवाज आला तरच उठायचं.

आता मैदानाच्या बऱ्याच भागावर पेव्हर ब्लॉक आलेत. त्यावर सूर मारला तर गुडघे आणि कोपरं फुटतात, म्हणून मुलं सूर मारतच नाहीत आणि खेळ अर्धा राहतो. ब्लॉक काढा असं आम्ही म्हणत नाही, पार्किंगची अडचण आम्हालाही दिसते. पण मागच्या भिंतीलगतचा पट्टा अजून मातीचा आहे. हल्लीच्या मापाचं २७ गुणिले १६ मीटरचं मैदान तिथं बसतं, टेप लावून पाहिलं आहे. मुरमाच्या दोन ट्रॉल्या आमच्या तुकडीकडून. चाळायला मात्र मुलं लागतील.