एम-62 च्या काठाने: जर्सीचा आकडा आणि जर्सीचा रंग

नकाशावर एम-62 हा मोटरवे शोधला की इंग्लंडमधल्या रग्बी लीगचा बहुतेक सगळा पसारा सापडतो. पूर्वेला हल, मग कॅसलफर्ड, वेकफिल्ड, लीड्स, ब्रॅडफर्ड, हडर्सफिल्ड. पेनाइनचे डोंगर ओलांडले की सॅलफर्ड, ली, विगन, वॉरिंग्टन, सेंट हेलेन्स. एकेकाळी कोळशाच्या खाणी, कापडगिरण्या, काचकारखाने आणि बंदरं यांच्यावर जगणारी ही गावं. इथे फेब्रुवारी ते ऑक्टोबर या हंगामात आलात तर दर आठवड्याला कुठे ना कुठे सामना मिळतोच. मी हा पट्टा रेल्वेने केला आणि तुम्हालाही तेच सुचवेन. गावं जवळजवळ आहेत, आणि डब्यात क्लबांचे स्कार्फ घातलेली माणसं भेटतात. त्यांच्याशी दोन विषयांवर हमखास बोलणं होतं: कोणता खेळाडू कुठल्या जागेवर खेळावा, आणि कोण क्लबशी किती इमानी. मला हे दोन वाद एकच वाटतात.

आधी खेळाची ओळख, कारण आपल्याकडे रग्बी म्हणजे पंधरा जणांचं युनियन. लीगमध्ये तेरा जण असतात. चेंडू हातात असलेल्या संघाला सहा टॅकल मिळतात, म्हणजे सहा वेळा पकडून पाडलं जाईपर्यंत चेंडू त्यांचा. सहाव्यानंतर चेंडू समोरच्यांचा. ट्रायला, म्हणजे चेंडू समोरच्यांच्या गोलरेषेपलीकडे जमिनीला टेकवला तर, 4 गुण, त्यानंतरच्या किकला 2, पेनल्टी किकला 2, ड्रॉप गोलला 1. जागांचे आकडे ठरलेले: 1 फुलबॅक, 2 आणि 5 विंगर, 3 आणि 4 सेंटर, 6 स्टँड-ऑफ, 7 स्क्रम-हाफ, 8 आणि 10 प्रॉप, 9 हूकर, 11 आणि 12 सेकंड रो, 13 लूज फॉरवर्ड.

नवखा प्रेक्षक इथेच गोंधळतो. ऑस्ट्रेलियाच्या एनआरएलमध्ये प्रत्येक सामन्याला आकडे जागेप्रमाणे वाटतात, त्यामुळे पाठीवर 6 दिसला की तो फाइव्ह-एट, म्हणजे इंग्लंडमधला स्टँड-ऑफ. इंग्लंडच्या सुपर लीगमध्ये, म्हणजे इथल्या सर्वोच्च स्पर्धेत, खेळाडूला हंगामाच्या सुरुवातीला एक आकडा मिळतो आणि तोच वर्षभर राहतो. कोणी जखमी झालं की 24 नंबरचा पोरगा सेंटरला दिसतो आणि 3 नंबरवाला फुलबॅकला. म्हणून आकडा बघून जागा ठरवू नका, बचावाची रांग बघा. टचलाइनकडून मोजायला लागा: पहिला विंगर, दुसरा सेंटर, त्याच्या आत बहुधा हाफ (स्टँड-ऑफ किंवा स्क्रम-हाफ) आणि सेकंड रो, मधे प्रॉप. हे मोजायला बाजूच्या स्टँडपेक्षा गोलपोस्टच्या मागची जागा बरी, जरा वरची मिळाली तर उत्तम. कोण कुठे उसना गेलाय ते पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

सुरुवात लीड्सपासून करा. लीड्स स्टेशनवरून हॅरोगेटच्या बाजूची गाडी पकडायची आणि बर्ली पार्क किंवा हेडिंग्लीला उतरायचं. दोन्हीकडून मैदान चालण्याच्या अंतरावर. हेडिंग्ली हे नाव मराठी माणसाला क्रिकेटमुळे पाठ असतं: 2002 च्या कसोटीत सचिनचे 193 इथेच. रग्बीचं मैदान त्या क्रिकेट मैदानाला पाठ लावून आहे. मधलं एकच स्टँड दोन्हीकडे तोंड करून उभं. निष्ठेच्या चर्चेत हा शेजार मला फार महत्त्वाचा वाटतो. यॉर्कशायरच्या क्रिकेट संघात पिढ्यानपिढ्या यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनाच जागा होती. ती प्रथा मोडून 1992 मध्ये जो पहिला परदेशी खेळाडू घेतला, तो तेंडुलकर. भिंतीच्या पलीकडे रग्बी लीगने मात्र असा जन्मदाखला कधीच मागितला नव्हता. वेल्सहून, ऑस्ट्रेलियाहून, न्यूझीलंडहून आलेल्यांना आपलं म्हणायची सवय इथे फार जुनी आहे.

साउथ स्टँडच्या पायऱ्यांवर उभं राहून बघणारे लोक दोन नावं घेतल्याशिवाय राहत नाहीत. केविन सिनफिल्ड 1997 ते 2015 लीड्सकडून खेळला, कप्तान म्हणून सात ग्रँड फायनल, म्हणजे सुपर लीगचे अंतिम सामने, जिंकला. रॉब बरो 2001 ते 2017 एकाच क्लबात, आठ ग्रँड फायनल. दोघांच्या इमानाबद्दल वाद नाही. पण दोघं एका जागेवर राहिले नाहीत, हे विसरलं जातं. सिनफिल्ड लूज फॉरवर्ड होता, स्टँड-ऑफ झाला, गरज पडली तेव्हा हूकरही. बरो जेमतेम 1.65 मीटर उंचीचा स्क्रम-हाफ. पुढे त्याला बेंचवर बसवून सामन्याच्या मध्यावर हूकर म्हणून उतरवायला लागले. समोरचे प्रॉप तोवर दमलेले असत, आणि हा त्यांच्या काखेखालून निसटायचा. 2011 च्या ग्रँड फायनलमध्ये बेंचवरून येऊन त्याने केलेली ट्राय बघा. सेंट हेलेन्सचा पहिला बचावपटू त्याच्या डोक्यावरून हात फिरवतो आणि बरो वाकून पार. त्या दिवशी सामनावीर तोच. सुरुवातीच्या तेरातली जागा सोडणं हा कुठल्याही हाफला अपमान वाटू शकतो. त्याने ती सोडली आणि क्लब सोडला नाही. पुढे त्याला मोटर न्यूरॉनचा आजार झाला. सिनफिल्डने त्यासाठी धावून मोठा निधी उभा केला, आणि 2023 च्या लीड्स मॅरेथॉनमध्ये शेवटच्या रेषेवर बरोला उचलून नेलं. 2024 मध्ये बरो गेला.

याच शहरात उलट बाजूचं उदाहरणही निघतं. इएस्टिन हॅरिस 2001 मध्ये लीड्स सोडून वेल्समध्ये युनियन खेळायला गेला आणि 2004 मध्ये लीगमध्ये परतला, तो शेजारच्या ब्रॅडफर्डकडे. परतायचं झालं तर आधी आमच्याकडे, असं लीड्सचं म्हणणं होतं. प्रकरण न्यायालयापर्यंत गेलं. तो जाण्याबद्दल इथले लोक फारसं बोलत नाहीत. राग आहे तो कुठे परतला याचा.

लीड्सहून हडर्सफिल्ड वीसेक मिनिटं. रविवारी निघत असाल तर आधी रुळांची कामं तपासा. या मार्गावर मोठी दुरुस्ती चालू आहे आणि गाडीऐवजी बस मिळाली की वेळ दुप्पट. स्टेशनबाहेरच्या चौकात जॉर्ज हॉटेलची इमारत आहे. हॉटेल 2013 मध्ये बंद पडलं, तरी समोर उभं राहून बघावं असं ठिकाण. 29 ऑगस्ट 1895 रोजी उत्तरेतले वीसेक क्लब इथून रग्बी युनियनपासून वेगळे झाले. कारण होतं मजुरी. शनिवारी सामना म्हणजे खाणीतला किंवा गिरणीतला खाडा. तो भरून द्यायला दिवसाला सहा शिलिंग द्यावेत एवढीच मागणी, आणि लंडनच्या मंडळींना ती मान्य नव्हती. त्यानंतर लीग खेळलेल्या माणसाला युनियनचे दरवाजे बंद झाले, ते 1995 पर्यंत.

निष्ठेवरचा इथला वाद समजायचा तर हे मुळातून लक्षात घ्यायला हवं. हा खेळच पगाराच्या हक्कातून जन्मला. त्यामुळे ‘पैशासाठी गेला’ ही इथे सगळ्यात मोठी शिवी होत नाही. खेळाडूची कारकीर्द दहा-बारा वर्षांची, अंगावर रोजची मोडतोड, हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. त्याच्या आजोबांनी तसंच काम केलेलं असतं. तो एवढंच बघतो की संघ अडचणीत असताना हा माणूस सांगितलेल्या जागेवर उभा राहिला का.

मँचेस्टरमार्गे विगनला पोचा. विगनला दोन स्टेशनं आहेत, वॉलगेट आणि नॉर्थ वेस्टर्न, समोरासमोर. परतीची गाडी कुठून ते आधीच बघून ठेवा. रात्री आठचा सामना पावणेदहाच्या सुमारास संपतो आणि मैदानातून स्टेशनपर्यंत चांगली अर्ध्या तासाची चाल आहे. गावात बिली बोस्टनचा पुतळा आहे, तो चुकवू नका. कार्डिफच्या बंदर वस्तीतला हा मुलगा 1953 मध्ये 3,000 पौंडांना विगनकडे आला आणि क्लबासाठी 478 ट्राय केल्या. 2025 मध्ये त्याला नाइटहूड मिळालं, रग्बी लीगमधलं पहिलंच. लोक त्याला विंगर म्हणून ओळखतात, पण तो सेंटर आणि स्टँड-ऑफलाही खेळला आहे.

अष्टपैलुत्वाचा आजचा धडा विगनमध्येच मिळतो. बेव्हन फ्रेंच ऑस्ट्रेलियातल्या पॅरामॅटा क्लबातून आला तो विंगर-फुलबॅक म्हणून. 2022 मध्ये हल एफसीविरुद्ध एका सामन्यात सात ट्राय. पुढच्या वर्षी त्याला स्टँड-ऑफला आणलं आणि तो मॅन ऑफ स्टील, म्हणजे हंगामातला सर्वोत्तम खेळाडू, ठरला. 2024 ची ग्रँड फायनल विगनने 9-2 अशी जिंकली, त्यातली एकमेव ट्राय त्याचीच. हा बदल का जमला? फुलबॅक संपूर्ण मैदान समोर ठेवून धावतो, मोकळी जागा कुठे पडतेय ते त्याला आधी दिसतं. तीच नजर स्टँड-ऑफला लागते. पण प्रत्येक बदल असा जमत नाही. विंगरला सेंटरला आणलं की बचावात फसतो, कारण आत शिरायचं की बाहेर थांबायचं हा निर्णय सेंटरला एक पास आधी घ्यावा लागतो. सेकंड रोचा माणूस सेंटरला टॅकल चोख करतो, पण पाठीमागे किक पडली की वळायला वेळ लावतो. फुलबॅकला हाफ केलं की हल्ला वाढतो, मात्र समोरचा संघ धिप्पाड सेकंड रोवाल्याला सतत त्याच्याच अंगावर धावायला पाठवतो. वीस मिनिटांत त्याचे पाय जड होतात आणि किक आखूड पडायला लागतात. आणि हूकरची जागा उसन्या माणसाने भरणं सगळ्यात कठीण. जवळजवळ प्रत्येक प्ले-द-बॉलनंतर, म्हणजे टॅकल झालेल्याने उठून चेंडू पायाने मागे ढकलल्यावर, जमिनीवरून उचलून डावी-उजवीकडे सारखाच पास, वर मधल्या फळीत चाळीसेक टॅकल.

म्हणून चार जणांच्या बेंचवर साधारण तीन फॉरवर्ड (8 ते 13 च्या जागांचे) आणि एक युटिलिटी असतो: हूकर, हाफ, जमलं तर बॅकमध्येही खेळणारा. त्याच्यावर माझा जीव आहे, आणि त्याच्यावर अन्यायही होतो असं मला वाटतं. एका जागेचा राजा नसल्याने राष्ट्रीय संघात त्याचं नाव शेवटी येतं आणि पुढच्या कराराची बोलणी करताना तो कोणत्या जागेच्या भावाने मोजायचा हे क्लबलाच ठरवता येत नाही. सुपर लीगमध्ये पगाराची मर्यादा वर्षाला 21 लाख पौंड. मार्की, म्हणजे क्लबाने खास निवडलेल्या, खेळाडूचा पगार कितीही असला तरी हिशेबात तो दीड लाखच धरतात, आणि तो क्लबानेच घडवलेला असेल तर 75 हजार. म्हणजे घरचा खेळाडू टिकवण्यात क्लबाचा फायदा नियमातच आहे. तरीही दोन जागा सांभाळणारा माणूस एका पगारात मिळाला की क्लब त्याला वर्षानुवर्षं भोकं बुजवायला वापरतात. मग तो गेला तर त्याला गद्दार म्हणायचा हक्क कोणालाच नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. जेक कॉनर हे ताजं उदाहरण: हडर्सफिल्ड, हल एफसी, पुन्हा हडर्सफिल्ड, सेंटर, विंग, फुलबॅक, हाफ, सगळीकडे फिरलेला. लीड्सने त्याला हाफची जागा नीट दिली आणि 2025 चा मॅन ऑफ स्टील तोच झाला.

विगन नॉर्थ वेस्टर्नहून लोकल गाडीने सेंट हेलेन्स सेंट्रल. तिथून मैदान पायी, स्टीव्ह प्रेस्कॉटच्या नावाच्या पुलावरून. मैदानाशी किरन कनिंगहॅमचा पुतळा आहे. इथे दोन माणसांनी 9 नंबरची जागा जवळपास तीस वर्षं सांभाळली: कनिंगहॅम 1994 ते 2010, जेम्स रोबी 2004 ते 2023. मधली सहा वर्षं रोबी बहुतेक बेंचवरून उतरायचा, आणि तसं खेळतानाच 2007 मध्ये तो मॅन ऑफ स्टील झाला. दुसऱ्या कुठल्याही क्लबात पहिल्या दिवसापासून त्याला 9 नंबर मिळाला असता. तो थांबला आणि 551 सामने खेळला. आधीचा 531 चा विक्रम केल कॉस्लेटचा. तो वेल्सहून फुलबॅक म्हणून आला आणि पुढे लूज फॉरवर्ड झाला. लांब टिकलेल्यांच्या यादीत जागा बदललेली माणसं अशी पुन्हापुन्हा सापडतात.

आता पट्ट्याचं पूर्वेकडचं टोक. हलला जाताना लीड्सहून बस घेतलीत तर शहरात शिरणारा रस्ता क्लाइव्ह सलिव्हन वे आहे. हल नदीच्या पश्चिमेला हल एफसी, काळी-पांढरी जर्सी. पूर्वेला हल केआर, लाल-पांढरी. घराघरात ही फाळणी आहे. सलिव्हनने हल एफसीसाठी 250 ट्राय केल्या आणि 1974 मध्ये नदी ओलांडून हल केआरसाठी आणखी 118. 1972 चा विश्वचषक त्याच्या कप्तानीखाली ग्रेट ब्रिटनने जिंकला. ब्रिटनच्या कुठल्याही राष्ट्रीय संघाचा तो पहिला कृष्णवर्णीय कप्तान. शत्रूकडे गेलेल्या माणसाच्या नावाचा रस्ता दोन्ही बाजूंनी आपला मानला आहे. निष्ठा म्हणजे एकच रंग, असं सांगणाऱ्याला मी हा रस्ता दाखवेन.

नदीच्या पूर्वेकडे, म्हणजे हल केआरकडे, रॉजर मिलवर्ड. कॅसलफर्डमध्ये हार्डिस्टी आणि हेपवर्थ ही हाफची जोडी पक्की असल्याने त्याला हक्काची जागा मिळेना. 1966 मध्ये 6,000 पौंडांना हल केआरने घेतला. 1980 चा चॅलेंज कप अंतिम सामना वेम्बलीवर हलच्या या दोन क्लबांतच झाला, त्यात जबडा मोडूनही तो पूर्ण वेळ खेळला आणि केआरने 10-5 असा जिंकला. त्याचा 6 नंबर क्लबाने आता कोणाला द्यायचा नाही असं ठरवलं आहे. त्यामुळे केआरच्या रांगेत 6 शोधत बसू नका. हाच क्लब 1985 नंतर कुठलाही मोठा चषक न जिंकता राहिला आणि 2025 मध्ये तिन्ही चषक एकाच हंगामात घेऊन गेला.

हल एफसीचं मैदान पॅरागॉन स्टेशनपासून पायी जमतं; हल केआरच्या क्रेव्हन पार्कला पूर्वेकडची बस घ्या. खायला इथली पॅटी मागा: सेज घालून कुस्करलेला बटाटा पिठात बुडवून तळलेला, आपल्या बटाटावड्याचा गोरा भाऊ, वर लाल चिप स्पाइस. शाकाहारी असाल तर कशात तळतात ते विचाराच. यॉर्कशायरमध्ये बऱ्याच ठिकाणी तळणीला गाईबैलांची चरबी असते. विगनच्या ‘पाय’ (pie) या भरलेल्या पदार्थालाही हाच प्रश्न लागू, कारण बहुतेक सारण मांसाचं.

गुड फ्रायडेला यायचं ठरवलंत तर एक निवड करावी लागेल. विगन-सेंट हेलेन्स आणि हलच्या दोन क्लबांचा सामना हे दोन्ही सहसा त्याच दिवशी असतात आणि मधलं अंतर देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंतचं. पहिल्यांदा येणाऱ्याने हल घ्यावं. तिकीट आधी काढा, आणि कोणत्या बाजूच्या स्टँडचं काढताय ते नीट वाचा.