रोमो की डॅक?

आज ऑफिसात जेवणाच्या सुट्टीत पुन्हा तोच वाद. डॅलसमध्ये राहायचं तर काउबॉयझबद्दल (इथला अमेरिकन फुटबॉल संघ) मत हवंच, नसलं तर लोक चिकटवतात.

विषय २०१६चा. सराव सामन्यात मुख्य क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा) टोनी रोमोचा मणका दुखावला. त्याच्या मागचा केलन मूर आधीच पाय मोडून बसलेला. मग नाइलाजाने ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंची निवड) चौथ्या फेरीत निवडलेला नवखा डॅक प्रेस्कॉट क्वार्टरबॅक. पठ्ठ्या पहिला सामना एका गुणाने हरला आणि पुढचे सलग ११ जिंकला! नोव्हेंबरात रोमो खेळायला तयार, तेव्हा संघ ८-१ (आठ विजय, एक हार). आता बसवायचं कोणाला?

मला विचाराल तर डॅकलाच खेळवायचं. रोमोनेही कागदावरून निवेदन वाचून तेच मान्य केलं. तो व्हिडिओ आज डबा खाताखाता परत पाहिला, घास अडकला राव. (२००६मध्ये तेव्हाचा क्वार्टरबॅक ड्रू ब्लेडसोला बाकावर बसवूनच रोमो आला होता, हे त्याचे भक्त सोयीस्कर विसरतात.)

शेजारच्या टेबलावरचे काका अजून अडून: "त्या मोसमाच्या बादफेरीत पॅकर्सविरुद्ध रोमो असता तर?" म्हटलं, ३४-३१ने हरलो खरे, पण डॅकने त्यात तीन टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे पास) फेकले होते. काकांनी चिप्सचं पाकीट माझ्यापासून लांब सरकवलं.