बाझलच्या गल्ल्यांत, ड्रमच्या मागे मागे

बाझलला राहायला येण्याआधी मी जर्मन शिकले होते. पत्रं, पाट्या, वर्तमानपत्र, सगळीकडे ती कामाला आली. पण ट्रॅममध्ये शेजारच्या दोघी गप्पा मारू लागल्या की कानावर वेगळंच काही पडायचं. स्वित्झर्लंडच्या या भागात लिहितात प्रमाण जर्मन आणि बोलतात स्विस जर्मन. त्यातही बाझलची बोली झुरिकपेक्षा निराळी. डॉक्टर, प्राध्यापक, बँकेतले साहेब, सगळे बिनदिक्कत बोलीतच बोलतात. आपल्याकडे मालवणी किंवा वऱ्हाडी माणूस मुलाखतीच्या खोलीत शिरताना आपली भाषा दाराबाहेर ठेवतो. इथे तसं नाही, आणि मला या शहराचं सगळ्यात जास्त कौतुक वाटतं ते याचंच.

ही बोली खरी भेटते ती फासनाख्तमध्ये, म्हणजे बाझलच्या कार्निव्हलमध्ये. बहुतेक ठिकाणचा कार्निव्हल ईस्टरआधीचा ख्रिस्ती उपवासाचा काळ सुरू होण्याआधी संपतो. बाझलचा मात्र राखेच्या बुधवारानंतरच्या (हा उपवासाचा पहिला दिवस) सोमवारी, पहाटे बरोबर 4 वाजता सुरू होतो आणि गुरुवारी पहाटे 4 ला थांबतो. 2017 मध्ये युनेस्कोने त्याला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं.

त्या सोमवारी आम्ही कडाक्याच्या थंडीत जुन्या गावात उभे होतो. चारचे टोले पडले आणि सगळे रस्त्यावरचे दिवे एकदम गेले. अंधारात हुकूम ऐकू आला, 'मोर्गेश्ट्राइख, फोरवेर्ट्स, मार्श!', आणि चहूबाजूंनी ड्रम आणि पिकोलो बासऱ्या एकाच वेळी सुरू झाल्या. मग गल्लीच्या वळणावरून माणसापेक्षा उंच, आतून उजळलेला, रंगवलेला कंदील डुलत येताना दिसला. त्यामागे मुखवटे घातलेले वादक. चाल अगदी संथ. माझ्या अंगावर सरसरून काटा आला.

या वादकांच्या मंडळांना 'क्लीक' म्हणतात. प्रत्येक क्लीक गेल्या वर्षातला एखादा विषय निवडून त्याची खिल्ली उडवते: राजकारण, शहरातलं रखडलेलं बांधकाम, काहीही. कंदिलावरची चित्रं त्याच विषयाची, आणि दुपारच्या मिरवणुकीत वाटतात त्या कागदाच्या लांब पट्ट्यांवरच्या कविताही. या पट्ट्या म्हणजे 'त्सेडल'. सगळं बोलीत आणि यमकात. मी त्या गोळा करून घरी मोठ्याने वाचते. डोळ्यांना अनोळखी वाटणारी ओळ तोंडाने म्हटली की उलगडते, कारण ती लिहिलेलीच असते कानासाठी. संध्याकाळी तळघरांतल्या छोट्या रंगमंचांवर श्निट्सलबँकवाले चित्रं दाखवत कडवी गातात. शेवटच्या ओळीला हशा पिकतो. त्या हशात मी इतरांच्या बरोबरीने, कुणी समजावून न सांगता हसले, तो आनंद मला कुठल्याही परीक्षेच्या गुणांनी दिला नव्हता.

पण सगळ्यात सुंदर म्हणजे 'गेस्ले'. रात्री एखादी क्लीक अरुंद गल्ल्यांतून वाजवत निघते आणि कुणीही तिच्या मागे चालू लागावं. कुणी कुठे निघालात विचारत नाही. ड्रमच्या ठेक्यावर पावलं आपोआप पडतात, आणि शहराचे असे कोपरे दिसतात जिथे एरवी आपण जायचं कारण नसतं.

जाणार असाल तर काही गोष्टी सांगते. प्रेक्षकांनी वेश करायचा नाही, तोंड रंगवायचं नाही, मुखवटा वादकांचा. त्या वर्षीचा बिल्ला, 'ब्लागेडे', विकत घेऊन कोटाला लावा. तो पैसा क्लीकांना जातो, आणि बिल्ला नसलेल्यांच्या कॉलरमध्ये वागिस, म्हणजे मोठ्या नाकाचे मुखवटे घातलेली सोंगं, मूठभर कागदी तुकडे कोंबतात! पहाटेचं पिठाचं गरम सूप आणि कांद्याचा टार्ट चुकवू नका. सोमवार संध्याकाळपासून बुधवार सकाळपर्यंत सगळे कंदील कॅथेड्रलच्या चौकात मांडलेले असतात. अंधार पडल्यावर जा, आणि त्यांवरच्या ओळी मोठ्याने वाचा. नाही समजलं तर शेजारच्याला विचारा. बाझलचा माणूस हे समजावून सांगायला नेहमी तयार असतो.