पाय हलला होता

आमच्या यादीत त्या घरापुढे एवढंच लिहिलेलं होतं: बाळ, मृत जन्म. बाळंतपण घरीच झालेलं. जन्माची नोंद नाही, मृत्यूची नाही, दवाखान्याचा एक चिठोरासुद्धा नाही. अशा घरी जाऊन मृत्यूचं कारण शोधायचं हे माझं काम. व्हर्बल ऑटॉप्सी म्हणतात त्याला. शेवटच्या वेळी जवळ असलेल्या माणसाला लक्षणं विचारायची आणि फॉर्म भरायचा. पुढे दोन डॉक्टर तो वेगवेगळा वाचून कारण ठरवतात, जुळलं नाही तर तिसऱ्यांकडे जातो. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रश्नावलीत वयाप्रमाणे तीन फॉर्म आहेत. त्यातला चार आठवड्यांच्या आतल्या बाळांचा फॉर्म पिशवीतून काढताना माझा हात अजूनही जड होतो.

उत्तरं आजी देत होत्या, म्हणजे बाळाच्या आईच्या सासूबाई. सून आतल्या दाराला टेकून उभी होती.

"बाळ रडलं का?"

"नाही."

"श्वास घेतला? हातपाय हलवले?"

"नाही हो बाई. मेलेलंच आलं."

अंगाची कातडी सुटलेली होती का, अंग लिबलिबीत होतं का, हेही विचारावं लागतं. बाळ पोटातच आधी गेलेलं असलं तर तसं होतं. विचारताना जीभ अडखळते, पण विचारते. आजी म्हणाल्या, "छे, अंग चांगलं होतं." म्हणजे कळा सुरू झाल्या तेव्हा बाळ बहुधा जिवंत होतं. मी खुणा करत गेले.

आमच्या फॉर्मच्या शेवटी कोरी जागा असते. तिथे घरच्यांनी आपल्या शब्दांत सांगायचं आणि आम्ही तसंच्या तसं लिहायचं. उशीर झाला की पुष्कळजण ती दोन ओळींत उरकतात. मला ते पटत नाही. मी दाराकडे बघून म्हटलं, "ताई, तुम्ही सांगाल का?"

ती खाली बसली. दुपारी कळा सुरू झाल्या, पाणी गेलं ते हिरवट होतं, बाळ बाहेर आलं ते पहाटे. "निळा पडला होता. रडला नाही, हे खरं. पण माझ्या मांडीवर ठेवला तेव्हा पाय हलला त्याचा. मग तोंड उघडलं, असं, मासोळीसारखं. दोनदा."

"अगं, तो श्वास नव्हे," आजी हळूच म्हणाल्या.

किती वेळ, असं विचारून उपयोग नव्हता, घड्याळ कोणी बघितलं होतं? म्हणून विचारलं, वार पडली तेव्हा तो हलत होता? "नाही. वार पडायच्या आधीच निवला." म्हणजे काही मिनिटं तो जगला होता.

जागतिक आरोग्य संघटनेची १९५० पासूनची व्याख्या आहे: आईपासून वेगळं झाल्यावर श्वास, हृदयाचा ठोका, नाळेतली धडधड किंवा स्नायूंची स्पष्ट हालचाल, यातलं एकही दिसलं तर तो जिवंत जन्म. रडण्याची अट त्यात कुठेच नाही. घरोघरी मात्र रडलं नाही म्हणजे मेलेलंच आलं, असं धरतात, आणि असं बाळ नवजात बालमृत्यूंच्या आकड्यात कधी येतच नाही. ते आकड्यात आलं तरच कोणी विचारणार की प्रसूतीच्या वेळी तिथे कोण होतं. अशा बाळाला पुसून, चोळून, तरीही श्वास आला नाही तर पिशवी-मास्कने हवा द्यायला पहिल्या मिनिटात सुरुवात व्हावी लागते. त्या पहाटे ते करता येणारं तिथे कोणी नव्हतं.

पुढे त्या फॉर्मवर डॉक्टरांचं जुळलं नाही. एकांनी आजारांच्या आंतरराष्ट्रीय यादीतला पी९५ हा कोड लिहिला, मृत जन्म. दुसऱ्यांनी पी२१, जन्मताना गुदमरणं. तिसऱ्या डॉक्टरांनी कोऱ्या जागेतला मजकूर वाचून पी२१ कायम केला. आमच्या सुपरवायझरनी हे सांगितलं तेव्हा मला रडू आलं.

पण त्या दिवशी हे काही ठाऊक नव्हतं. आजी डोळे पुसत म्हणाल्या, "तिला लवकर विसरता यावं म्हणून मीच सगळ्यांना तसं सांगितलं." त्यांच्यावर मला राग धरता आला नाही. सुनेने विचारलं, "कोणी असतं तर वाचला असता का?" आम्ही निदान सांगायचं नसतं, तसा नियम आहे आणि तो योग्यच आहे. "मी डॉक्टर नाही हो ताई," एवढंच म्हटलं. तिची नजर हलली नाही, माझीच खाली गेली.

मग म्हणाली, "पाय हलला ते लिहिलंत ना? वाचून दाखवा."

मी वाचलं. 'मांडीवर ठेवल्यावर बाळाचा पाय हलला.'

"डावा," ती म्हणाली. "डावा पाय."

मी 'पाय'च्या आधी 'डावा' लिहिलं आणि फॉर्म तिच्यासमोर धरला.