रिद्धपूरजवळच्या अंगणात ओझचा जादूगार

अमरावतीहून रिद्धपूरला जाणाऱ्या एसटीत खिडकी उघडली की झळा, लावली की घामाच्या धारा. गोविंदप्रभूंची स्थानं आणि म्हाइंभटांनी लीळाचरित्र लिहिलं ती वाजेश्वरी, सगळं ऊन चढायच्या आत उरकलं. २०२४ साली इथं सुरू झालेलं मराठी भाषा विद्यापीठ बाहेरूनच पाहिलं.

मुक्काम जवळच्या खेड्यात, मामेबहिणीच्या सासरी. वऱ्हाडी पाहुणचारात 'पुरे' कुणाला ऐकूच येत नाही. दुपारी सरगुंडे-आमरस, रात्रीही तेच. मग लाइट गेली, कूलर थांबला आणि बाजा अंगणात आल्या. गावातल्या पारायणाचा भोंगाही गप्प झाला, त्याबद्दल वीजवाल्यांचे आभारच.

अंधारात भाची आजीला 'ओझचा जादूगार' सांगत होती. अमेरिकन बालकथा ती: बुजगावणं अक्कल, पत्र्याचा माणूस काळीज आणि सिंह हिंमत मागायला ओझच्या जादूगाराकडं निघतात. आजी महानुभाव पंथाच्या. अडकित्त्यानं सुपारी कातरत ऐकत होत्या. एकदम अडकित्ता थांबला.

"बुजगावण्याले अक्कल पायजे, पण रस्त्यानं साऱ्या युक्त्या थोच सुचवते. सिंह म्हणते मी भित्रा, अन् खाईवरून उडी थोच मारते. पत्र्याचा माणूस पायाखाली किडा आला तं रडते. होतंच ना मंग त्यायच्यापाशी! कायले गेले त्या जादूगाराकडं?"

मी उठून बसलो. अभ्यासकांनी या गोष्टीत थिऑसॉफीचा, म्हणजे सगळ्या धर्मांमागचं एकच सत्य शोधणाऱ्या विचारपंथाचा, जो धागा शोधलाय, तो आजींनी ओसरीवर बसून पकडला होता. लेखक एल. फ्रँक बॉम मेथॉडिस्ट घरातला. सासू माटिल्डा जोस्लिन गेज, स्त्रियांच्या मताधिकारासाठी झगडणारी, आधीच थिऑसॉफिस्ट झालेली. १८९२ मध्ये बॉम आणि त्याची बायको शिकागोच्या थिऑसॉफिकल शाखेत दाखल झाले. शाखेचं नाव काय, तर 'रामायण'! कर्म, पुनर्जन्म, आत दडलेली शक्ती ज्यानं त्यानं स्वतः ओळखणं, हे सगळं तिथं चालायचं. पण १९०० साली पुस्तक आलं तेव्हा प्रस्तावनेत त्यानं लिहिलं की हे फक्त मुलांच्या आनंदासाठी आहे. मला हेच भावतं. श्रद्धा गोष्टीच्या हाडात मुरलेली, तोंडी एक उपदेश नाही. आपल्याकडच्या बऱ्याच बालसाहित्यात तिसऱ्या पानावर कुणीतरी प्रवचनाला बसतंच. खरं तर याच मुलखातल्या लीळाचरित्रात कावळ्याच्या शेणाच्या घराची गोष्ट आहे, आणि ती ऐकताना पोरांना कुठं कळतं की आपण धर्मग्रंथ ऐकतोय!

तोवर भाची पडद्यामागच्या बाबापर्यंत, म्हणजे खुद्द जादूगारापर्यंत पोचली होती. तो बुजगावण्याच्या डोक्यात कोंडा आणि टाचण्या भरतो, पत्र्याच्या माणसाला भुसा भरलेलं रेशमी काळीज देतो, सिंहाला हिरव्या बाटलीतलं कायतरी पाजतो.

"भोंदूच निंगाला," आजी खूश. गाडगेबाबांच्या जिल्ह्यातल्या त्या. असल्या बाबांची त्यांना भीड नाही. "मंग पैसे घेऊन पयाला का?"

"नाही आजी, फुग्यात बसून उडाला."

"एकच झालं. सुधारला का नाही पुढं?"

भाचीनं माझ्याकडं पाहिलं. मी सांगितलं, बॉमनं ओझची चौदा पुस्तकं लिहिली. पुढं हा जादूगार परत येतो आणि ग्लिंडा नावाच्या चांगल्या चेटकिणीकडून खरी जादू शिकतो.

"बाईच गुरू भेटली म्हन," आजी म्हणाल्या आणि सुपारीची चिमूट माझ्या हातावर ठेवली. "बाकीचे तेरा बुकं कवा आनतं?"