टेक्स्टाइलमध्ये आहे

डी.एड.ला नंबर लागायच्या आधी मी चादरीच्या कारखान्यात होतो. पाहुणे आले की आई सांगायची, "टेक्स्टाइलमध्ये आहे." प्रत्यक्षात मी कांड्या भरायचो, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायचो. सोलापूरचा मे महिना, डोक्यावर तापलेला पत्रा आणि हवेत सुताची पिंज. मिसरूड फुटायच्या आधीच रोज संध्याकाळी मी पांढऱ्या मिशा घेऊन घरी यायचो.

माग सुरू असले की तोंडानं बोलणं फुकट. सगळा कारभार ओठांवर आणि हातांवर. हवेत बशी धरली की चहा. मनगटावर टिचकी म्हणजे सुट्टीला किती वेळ आहे. कपाळावरून बोट आडवं ओढलं की गंधवाले मालक आले, सरळ उभा राहा. वर जकार्डची भोकं पाडलेली कार्डं फिरायची आणि खाली चादरीवर मोर उमटायचा. एखादं कार्ड मागंपुढं झालं की मोराची मान भलतीकडं. मग जॉबर, म्हणजे मागांवरचा मुकादम, तोंड उघडायचा. शब्द ऐकू येत नसत, पण ओठ वाचायला मी शिकलो होतो. नसतो शिकलो तर बरं झालं असतं.

जॉबर आणि बरेचसे विणकर पद्मशाली, घरात तेलुगू बोलणारे. त्यामुळे तीही भाषा आली. अर्थात शिव्या आधी आल्या, व्याकरण अजून यायचंय.

जानेवारीत सिद्धरामेश्वरांच्या यात्रेत, गड्ड्याला, होम मैदानावर खेळण्यांच्या स्टॉलवर ओरडायचंही काम केलं. आवाज तिथं कमावला. तो अजून खाली आलेला नाही. शेजारच्या वर्गातली पोरं माझा गृहपाठ करून आणतात.

डी.एड.मध्ये बालमानसशास्त्र होतं, शैक्षणिक साधनं होती. त्यातलं परीक्षेपुरतं लक्षात राहिलं. मागच्या बाकावर कोण कुणाला सातचा पाढा पुरवतंय हे मात्र मला फळ्यापासून दिसतं. नवीन असताना अशाच दोघांनी तेलुगूत माझ्या शर्टाची किंमत काढली होती. फारच कमी काढली. तास संपेपर्यंत मी गप्प राहिलो आणि जाता जाता तेलुगूतच खरी किंमत सांगितली. तेव्हापासून त्या वर्गात खासगी बोलणी वहीत लिहून होतात.

परवा पालकसभा होती. मुख्याध्यापकांचं भाषण बरंच लांबलं. मागच्या रांगेत पांढऱ्या टोपीतले एक आजोबा नातवाला घेऊन बसले होते. आमचे जॉबर! मी मंचावर खुर्चीत, टाय लावून. त्यांनी मला निरखलं आणि ओठ हलवले, "काय करायलास बे इथं?"

मी कपाळावरून बोट आडवं ओढून मुख्याध्यापकांकडं डोळे फिरवले.

म्हाताऱ्यानं मान डोलावली आणि हवेत बशी धरली.


भाषण अजून शैक्षणिक गुणवत्तेवरच होतं. मी माईकची वायर बघायच्या निमित्तानं उठलो आणि मागच्या दारानं बाहेर पडलो. जॉबर माझ्या आधीच टपरीवर पोहोचले होते.